बेटांच्या कमानी: एका वाकड्या रेषेचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा भूगोलाचा तास आहे, इतिहासाच्या मालिकेत कुठून आला? पण इतिहास जसा राजांचा, लढायांचा, संस्थांचा असतो, तसा तो प्रश्नांचाही असतो. एखादा प्रश्न कधी विचारला गेला, त्याला काय काय उत्तरं मिळाली, त्यातलं कुठलं टिकलं आणि का टिकलं, हाही इतिहासच. आणि या प्रश्नाच्या उत्तरावर लाखो माणसांचा जीव अवलंबून होता, अजूनही आहे.

प्रश्न असा. जगाचा नकाशा समोर घ्या आणि आशियाच्या पूर्वेकडे बघा. अलास्कापासून कामचात्काकडे जाणारी अल्युशियन बेटं, तिथून खाली कुरील, मग जपान, रिउक्यू, मरियाना. आपल्या बाजूला अंदमान-निकोबार, सुमात्रा, जावा, बाली, लोंबोक, सुम्बावा. या रांगा सरळ नाहीत. दारावर तोरण बांधावं तशा त्या झुकलेल्या आहेत, आणि बहुतेकांचा फुगवटा महासागराच्या बाजूला आहे. त्या फुगवट्याच्या बाहेर, समुद्राच्या तळाशी, एक लांबलचक खोल गर्ता असते. आतल्या बाजूला ज्वालामुखींची रांग. आणि सगळ्या पट्ट्यात भूकंप. कमान, गर्ता, ज्वालामुखी, भूकंप या चार गोष्टी हजारो किलोमीटर एकमेकींची पाठ सोडत नाहीत. हा योगायोग असू शकत नाही, एवढं कुणालाही कळतं. पण मग त्यांचा संबंध काय? हे कळायला माणसाला सुमारे शंभर वर्षं लागली.

इथे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच आहे, हे आपण शाळेत शिकलो. ते खरं आहे. पण दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून थरांवर थर वाहून आला. त्याची जात वेगळी, कारण वेगळं. आज आपण बोलतोय ते कमानीवरच्या ज्वालामुखींबद्दल, आणि ते अजून जिवंत आहेत.

1883: आवाज आणि पुस्तक

27 ऑगस्ट 1883 च्या सकाळी दहाच्या सुमारास, जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीत क्राकाताऊ नावाचं बेट फुटलं. आवाज हिंदी महासागर ओलांडून जवळजवळ 4,800 किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर पोचला. तिथल्या पोलीस प्रमुखाने दूर कुठे तोफा वाजताहेत अशी नोंद केली. हवेच्या दाबाची लाट जगभरातल्या वायुभारमापकांवर उमटली, तीही एकदा नाही, अनेकदा, कारण ती पृथ्वीला फेऱ्या घालत होती. 36,000 हून अधिक माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक लाव्हाने किंवा राखेने नाही, समुद्राच्या लाटांनी गेली. त्या लाटांची बारीकशी खूण भारताच्या बंदरांमधल्या भरतीमापक यंत्रांवरही उमटली. ही शेवटची गोष्ट जरा लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

डच अभियंता व्हर्बेक याने या उद्रेकाचा तपशीलवार अहवाल लिहिला. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1888 मध्ये आपला ग्रंथ काढला. काय झालं, केव्हा झालं, किती राख पडली, सूर्यास्त कुठे कुठे लाल दिसले, सगळं नोंदलं गेलं. पण ज्वालामुखी नेमका तिथेच का? याचं उत्तर या कागदांत नव्हतं.

त्याच 1883 साली व्हिएन्नाच्या एडवार्ड स्यूस याने पृथ्वीच्या चेहऱ्यावरच्या आपल्या महाग्रंथाचं प्रकाशन सुरू केलं. ते काम 1909 पर्यंत चाललं. स्यूसशी आपली ओळख दुसऱ्या वाटेने आहे. प्राचीन दक्षिण खंडाला 'गोंडवनलँड' हे नाव त्याने दिलं. गोंडवनातल्या खडकांवरून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी जे नाव वापरायला सुरुवात केली होती, ते त्याने सगळ्या खंडाला लावलं. आशियाच्या कडेच्या या कमानींकडे त्याचं बारकाईने लक्ष होतं. त्याची समजूत अशी, की पृथ्वी निवत चालली आहे आणि निवताना आकसते आहे. सफरचंद सुकलं की सालीला सुरकुत्या पडतात, तशा पर्वतरांगा आणि बेटांच्या कमानी या सुरकुत्या.

आज आपल्याला हे चुकीचं वाटतं, पण ते वेडगळ नव्हतं. त्या काळच्या भौतिकशास्त्राशी ते जुळत होतं. अडचण अशी, की सुरकुत्या सगळीकडे पडायला हव्यात. त्या ठरावीक पट्ट्यांतच का? आणि पुढे किरणोत्सर्गाचा शोध लागल्यावर तर पृथ्वीच्या पोटात स्वतःची उष्णता तयार होते हे कळलं. मग नुसती निवत चाललेली पृथ्वी हा पायाच डळमळला.

वेगेनर: दावा बरोबर, कारण लंगडं

जानेवारी 1912 मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने फ्रँकफुर्टमध्ये भाषण देऊन सांगितलं, की खंड सरकतात. 1915 मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याची ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. पण बेटांच्या कमानींबद्दल तो काय म्हणाला हे सहसा कुणी सांगत नाही. त्याचं म्हणणं, आशिया खंड सरकत असताना त्याच्या कडेचे तुकडे समुद्रतळात रुतून मागे राहिले, त्या या कमानी. म्हणजे कमानींचं कारण म्हणून ते चुकलं. पण गंमत बघा, जपानच्या बाबतीत अर्धं बरोबर निघालं. जपान खरोखरच आशियाच्या काठापासून सुटून बाहेर आलेला आहे. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी जपानचा समुद्र त्याच्यामागे उघडला.

वेगेनरच्या पद्धतीकडे आम्ही तत्त्वज्ञानवाले वेगळ्या कुतूहलाने बघतो. न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार सांगितलेत. पहिलं पूर्ववत्, म्हणजे कारणावरून कार्याचं: ढग दाटलेत, पाऊस येणार. दुसरं शेषवत्, म्हणजे कार्यावरून कारणाचं: नदीला पूर आलाय, वर कुठे तरी पाऊस झाला असणार. तिसरं सामान्यतोदृष्ट. वात्स्यायनाच्या भाष्यातलं त्याचं उदाहरण सूर्याचं आहे. एखादा माणूस सकाळी इथे दिसला, संध्याकाळी तिथे, तर तो चालत गेला हे आपण जाणतो, चालताना त्याला बघितलं नसलं तरी. सूर्य सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला, म्हणून सूर्यालाही गती आहे.

वेगेनरचं अनुमान नेमकं याच जातीचं होतं. तेच जीवाश्म आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत, तेच खडकांचे थर, हिमनद्यांच्या त्याच खुणा. गोष्ट दोन ठिकाणी दिसते, म्हणजे मधे गती झाली. पण मंडळी, या उदाहरणातच एक इशारा आहे. सूर्याबद्दलचं अनुमान फसलं! गती होती, पण ती सूर्याची नव्हती, आपली होती. म्हणून सामान्यतोदृष्ट अनुमान कितीही आकर्षक असलं तरी विचारावं लागतं, की हलतंय कोण, आणि हलवतंय कोण?

विरोधकांनी हाच प्रश्न विचारला. ब्रिटिश गणिती हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी दाखवलं, की वेगेनरने सुचवलेली बलं खंड हलवायला अगदीच अपुरी आहेत. आणि हे दाखवणं बरोबर होतं! वेगेनरला हसणाऱ्यांना आज आपण हसतो, पण त्यातल्या चांगल्या विरोधकांचा आक्षेप खरा होता. दावा बरोबर आणि दिलेलं कारण चूक, अशी परिस्थिती ज्ञानाच्या इतिहासात वारंवार येते. कारण पडलं की दावाही पडला असं समजणं, ही घाई. 1930 मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात वेगेनर गेला. त्याच सुमारास ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्स सुचवत होता की पृथ्वीच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, उष्णतेमुळे अतिशय संथ प्रवाह फिरत असावेत. हलवणारा इथेच होता. पण ऐकणारे थोडे.

पाणबुडीतला लंबक आणि जमिनीखालची उतरण

यानंतरचा भाग आम्हाला फार आवडतो, कारण इथे मोठ्या सिद्धान्ताची भाषा न करता दोन माणसांनी फक्त नीट मोजलं.

पहिला माणूस डच शास्त्रज्ञ व्हेनिंग माइनेस. याला समुद्रावर गुरुत्वाकर्षण मोजायचं होतं. साधन लंबकाचं. पण जहाज लाटांवर हलतं, लंबकाचं मोजमाप कसं होणार? म्हणून तो पाणबुडीतून गेला. पृष्ठभागाखाली पाणी शांत असतं. माणूस चांगला उंच, पाणबुडी अरुंद, तरी 1923 पासून पुढची कित्येक वर्षं तो पाणबुड्यांमधून हजारो किलोमीटर फिरला. इंडोनेशियाच्या कमानीबाहेर, गर्तेच्या बाजूने, त्याला एक लांब पट्टा सापडला. तिथे गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा बरंच कमी होतं.

याचा अर्थ समजून घेऊ. कवच प्रावरणावर तरंगल्यासारखं असतं. पाण्यात लाकूड हाताने खाली दाबून धरलं, तर ते सोडलं की वर येतं. गर्तेजवळ हलकं कवच खाली दबलेलं होतं आणि वर येत नव्हतं. म्हणजे कुणीतरी ते सतत खाली ओढून धरलं होतं.

दुसरा माणूस जपानचा कियू वादाती. तोक्योच्या मध्यवर्ती हवामान वेधशाळेतला तरुण. भूकंपाच्या दोन प्रकारच्या लहरी असतात, प्राथमिक वेगाने येतात, दुय्यम मागून येतात. दोघींमधल्या अंतरावरून भूकंप किती लांब झाला ते काढता येतं, आणि बऱ्याच केंद्रांच्या नोंदी जुळवल्या की किती खोल झाला तेही. 1928 मध्ये वादातीने दाखवलं की काही भूकंप 300 किलोमीटरहूनही खोल होतात. त्या काळात हे मानायला लोक तयार नव्हते. तेवढ्या खोलीवर खडक इतका तापलेला असतो की तो मऊ होऊन वाकेल, तडकणार कसा? पण नोंदी पक्क्या होत्या.

1935 पर्यंत त्याने नकाशाच काढला. पॅसिफिकच्या बाजूला भूकंप उथळ, आणि आशियाच्या बाजूला जाऊ तसतसे ते खोल खोल. भूकंपांच्या नाभी एका उतरणीवर बसल्या होत्या, एखाद्या जिन्यासारख्या, जो जपानखालून आशियाच्या पोटात उतरतो. ज्वालामुखींची रांग या उतरणीच्या ठरावीक खोलीवर येते, हेही त्याला दिसलं. वेगेनरचं म्हणणं खरं असेल तर त्याच्या खुणा इथे सापडतील का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण त्याने आपली पायरी सोडली नाही. दिसलं तेवढं सांगितलं.

पुढे अमेरिकेच्या ह्यूगो बेनिऑफने 1949 आणि 1954 मध्ये इतर कमानींखालीही अशाच उतरणी दाखवल्या. काही उतरणी 700 किलोमीटरपर्यंत जात होत्या. आज आपण त्याला वादाती-बेनिऑफ पट्टा म्हणतो. बेनिऑफला ती खंड आणि महासागर यांच्यामधली एक प्रचंड भेग वाटली.

म्हणजे 1950 च्या दशकात स्थिती अशी: गर्ता माहीत, तिथलं कमी गुरुत्वाकर्षण माहीत, उतरण माहीत, ज्वालामुखींचं तिच्याशी नातं माहीत. सगळे पुरावे टेबलावर. फक्त त्यांना जोडणारं वाक्य कुणी बोललं नव्हतं.

भूकाव्य

ते वाक्य बोलणारा हॅरी हेस, प्रिन्स्टनचा प्राध्यापक. तरुणपणी याने व्हेनिंग माइनेसबरोबर पाणबुडीतून कॅरिबियनमध्ये गुरुत्वाकर्षण मोजलं होतं. दुसऱ्या महायुद्धात तो 'केप जॉन्सन' या नौदलाच्या जहाजावर कप्तान झाला. सैनिकांची वाहतूक चालू असताना त्याने खोली मोजणारं प्रतिध्वनी यंत्र चालूच ठेवलं. पॅसिफिकच्या तळावर त्याला सपाट माथ्याचे बुडालेले डोंगर सापडले. हे डोंगर एकेकाळी पाण्याच्या पातळीवर असणार, लाटांनी त्यांचे माथे घासले असणार. मग ते बुडाले कसे? युद्ध संपलं, प्रश्न राहिला.

1962 मध्ये त्याने निबंध प्रसिद्ध केला. त्याला त्याने स्वतःच 'भूकाव्य' म्हटलं, म्हणजे हे सिद्ध झालेलं नाही, कल्पनेची झेप आहे, अशी कबुली आधीच देऊन टाकली. मांडणी अशी: महासागरांच्या मधल्या डोंगररांगांवर नवा समुद्रतळ तयार होतो, तो दोन्ही बाजूंना सरकतो, दूर जाताना थंड होतो, जड होतो, खाली बसतो, आणि शेवटी गर्तेत परत पृथ्वीच्या पोटात जातो. सपाट माथ्याचे डोंगर हे या सरकत्या तळावरचे प्रवासी. योगायोग असा, की विज्ञानातल्या क्रांतींवरचं थॉमस कून यांचं गाजलेलं पुस्तकही त्याच 1962 चं.

पण काव्य म्हणून थांबून चालत नाही. कस लागला तो 1960 च्या दशकात, पॅसिफिकमधल्या टोंगा आणि फिजी बेटांवर. अमेरिकेच्या लामाँट वेधशाळेचे जॅक ऑलिव्हर आणि ब्रायन आयझॅक्स यांनी तिथे भूकंपमापक बसवले. टोंगा कमानीवर आहे, फिजी तिच्या मागे. खोलवर झालेल्या एकाच भूकंपाच्या लहरी टोंगाला खणखणीत पोचत आणि फिजीला पोचेपर्यंत मवाळ होत. का? टोंगाकडे येणाऱ्या लहरी त्या उतरणीतूनच वर येत होत्या, आणि ती उतरण नुसती भेग नव्हती. ती सुमारे 100 किलोमीटर जाडीची थंड, कडक शिळा होती. थंड लोखंडाच्या पहारीला एका टोकाला ठोकलं तर दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं, चिखलात ठोकलं तर येत नाही, तसं. जपानमध्ये तोकुजी उत्सू स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले. 1967-68 पर्यंत बुडणारा समुद्रतळ ही कल्पना राहिली नाही. खोलवर खडक तडकतो कसा, या वादातीच्या काळच्या कोड्याचंही उत्तर मिळालं: तो खडक तिथला नाहीच. तो वरून, थंडीतून आलेला आहे.

ज्वालामुखी का, आणि वाकडी का?

आता एक गैरसमज. समुद्रतळ खाली जातो, घासतो, घर्षणाने वितळतो आणि ज्वालामुखी होतो, असं अजूनही कित्येक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तसं नाही. खाली जाणारी शिळा थंड आहे, ती आजूबाजूचं उलट गारच करते. मग आग कुठून?

पाण्यातून. समुद्रतळाचा खडक कोट्यवधी वर्षं पाण्यात राहून पाणी पितो, त्याच्या खनिजांत पाणी बांधलं जातं. साधारण 100 किलोमीटर खोलीवर दाब आणि उष्णता वाढली की हे पाणी सुटतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. तिथला खडक आधीच तापलेला असतो, पण घट्ट. पाणी मिसळलं की त्याचा वितळण्याचा बिंदू खाली येतो. जुन्या लोकांना पॉटचं आइस्क्रीम आठवेल. बर्फात मीठ घातलं की बर्फ अधिक गार असतानाही वितळायला लागतो. मीठ उष्णता देत नाही, वितळणं सोपं करतं. पाणी खडकाचं तेच करतं. म्हणून ज्वालामुखींची रांग बहुतेक ठिकाणी त्या शिळेच्या सुमारे 100 किलोमीटर वर येते, आणि गर्तेला समांतर जाते.

याचा एक सुंदर पुरावा 1980 च्या दशकात मिळाला. वातावरणात वैश्विक किरणांमुळे बेरिलियम-10 नावाचा किरणोत्सर्गी अणू तयार होतो. तो पावसाबरोबर समुद्रात पडतो, गाळात बसतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे 14 लाख वर्षं, म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या जुन्या खडकात तो उरूच शकत नाही. आणि तो अल्युशियन बेटांच्या, मध्य अमेरिकेच्या ताज्या लाव्हात सापडला. पावसातून पडलेली गोष्ट समुद्राच्या तळाशी गेली, पट्टाबरोबर खाली गेली आणि डोंगराच्या तोंडातून परत आली. शेषवत् अनुमानाला यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

राहिला वाकडेपणा. 1968 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रँक यांनी टेबल टेनिसचा चेंडू घेतला. चेंडू अंगठ्याने दाबला की खळगा पडतो, आणि खळग्याची कड गोल असते. पृथ्वीचं कवचही गोलाचा भाग आहे. ते न ताणता आत वाकलं तर कड वर्तुळाचीच होणार, आणि त्या वर्तुळाची कोनीय त्रिज्या उतरणीच्या कोनाच्या निम्मी असणार. उतरण 45 अंशांची असेल तर त्रिज्या साडेबावीस अंश, म्हणजे जमिनीवर सुमारे 2,500 किलोमीटर. किती देखणं!

पण सगळ्या कमानी याला जुळत नाहीत. मरियानाखाली शिळा जवळजवळ सरळ खाली जाते, त्या हिशेबाने ती कमान खूप पसरट हवी. प्रत्यक्षात ती घट्ट वाकलेली आहे. म्हणजे गोलाची भूमिती हे कारणाचा एक भाग. बाकीचं काम बुडणारी शिळा मागे मागे सरकण्यामुळे होतं, आणि समुद्रतळावरचे डोंगर गर्तेत अडकून कमानीला जागोजागी खिळवून ठेवतात, त्यामुळेही होतं. उत्तर देखणं असणं आणि पुरेसं असणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे आपण इथे शिकतो.

आपल्या अंगणातली कमान

कुणी म्हणेल, हे सगळं दूरचं. तर सुमात्रातल्या टोबापासून सुरू करू. सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकात तिथे जो खळगा पडला, त्यातलं आजचं तळं जवळजवळ 100 किलोमीटर लांब आहे. त्या ज्वालामुखीची राख पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरी गावाजवळ सापडली. टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची ती, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला, कारण तिथल्या अश्मयुगीन हत्यारांचं वय त्यावर ठरणार होतं. पण तीन हजार किलोमीटरहून दूरच्या कमानीची राख जुन्नरच्या बाजूला पडली, हे आहेच.

उत्तरेकडे लडाखमध्ये, कारगिलजवळ द्रासच्या परिसरात, जुने ज्वालामुखी खडक आहेत. टेथिस नावाचा समुद्र असताना तिथे बेटांची कमान होती. भारत येऊन आशियाला भिडला, तेव्हा ती मधे सापडून हिमालयात जडली गेली. पश्चिमेला मकरानच्या किनाऱ्यावर समुद्रतळ अजून बुडतो आहे. 1945 च्या नोव्हेंबरात तिथे मोठा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा थेट मुंबईपर्यंत आल्या.

आणि पूर्वेला, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे 140 किलोमीटरवर, बॅरन बेट. तीनेक किलोमीटर व्यासाचं, निर्मनुष्य. भारताचा एकमेव जागता ज्वालामुखी. 1787 मध्ये त्याच्या उद्रेकाची नोंद झाली, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो शांत झाला, आणि 1991 मध्ये पुन्हा जागा झाला. पाण्यावर तो साडेतीनशे मीटरच्या आसपास दिसतो, पण पाण्याखाली दोन किलोमीटरहून अधिक आहे. हा सुंदा कमानीच्या उत्तर टोकाचा दिवा.

26 डिसेंबर 2004. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास याच कमानीबाहेरची उतरण सुटली. सुमात्राच्या उत्तर टोकापासून अंदमानपर्यंत, सुमारे 1,200 ते 1,300 किलोमीटर, आठ-दहा मिनिटांत. चौदा देशांत सव्वादोन लाखांहून अधिक माणसं गेली, त्यात भारतातली दहा हजारांहून अधिक. निकोबारचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचलं.

आता हिशेब मांडू. उतरण असते हे 1935 पासून माहीत. तिचा अर्थ 1968 पासून माहीत. 1881 मध्ये निकोबारजवळ भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी भारताच्या भरतीमापकांवर नोंदली गेली. क्राकाताऊची खूणही दोन वर्षांनी त्याच यंत्रांवर. अल्युशियन कमानीवर 1946 मध्ये भूकंप होऊन हवाईत दीडशेहून अधिक माणसं गेली, आणि त्यातून 1949 मध्ये पॅसिफिकसाठी इशारा केंद्र उभं राहिलं. हिंदी महासागरात असं काही नव्हतं. तमिळनाडूच्या किनाऱ्याला लाट पोचायला दोन-अडीच तास होते. भूकंप झाल्याचं जगाला पंधरा मिनिटांत कळलं होतं. किनाऱ्यावरच्या माणसाला कळवायची वाट नव्हती.

याच दिवशी, भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ, सिमेउलुए नावाच्या बेटावर सुमारे 78,000 लोक होते. त्यातले सातच गेले. 1907 मध्ये त्यांच्या पूर्वजांनी अशीच लाट बघितली होती. तिला त्यांच्या भाषेत 'स्मोंग' म्हणतात. मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा, हे आज्या नातवंडांना सांगत आल्या होत्या, अंगाईतूनही. भूपट्ट म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असण्याची गरज नव्हती.

आमच्या शास्त्रात याला शब्दप्रमाण म्हणतात, विश्वासार्ह माणसाचा शब्द. वर्गात आपण त्याला अनुमानापेक्षा कमी लेखतो. पण त्या सकाळी वादातीपासून आयझॅक्सपर्यंतच्या अनुमानाने जे केलं नाही, ते आजीच्या शब्दाने केलं. कारण अनुमान ग्रंथालयात होतं आणि शब्द घरात होता.

म्हणून अनुमान सोडायचं का? अजिबात नाही. 2007 मध्ये हैदराबादला भारताचं त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं, ते याच शंभर वर्षांच्या अनुमानावर उभं आहे. पण अनुमानाच्या मर्यादा ओळखायला हव्यात. क्राकाताऊच्या जागी 1927 मध्ये समुद्रातून नवा ज्वालामुखी वर आला. त्याचं नाव अनाक क्राकाताऊ, म्हणजे क्राकाताऊचं पोर. 22 डिसेंबर 2018 च्या रात्री त्याची एक बाजू समुद्रात कोसळली आणि त्सुनामी आली. चारशेहून अधिक माणसं गेली. इशारा वाजला नाही, कारण यंत्रणा भूकंपावर बेतलेली होती आणि मोठा भूकंप झालाच नव्हता. सुरुवातीला ही भरतीच आहे असंही सांगितलं गेलं.

नैयायिकांनी ही चूक फार पूर्वी ओळखली होती. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे धूर नाही तिथे अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. त्यांचं उदाहरण तापलेल्या लोखंडी गोळ्याचं: धूर नाही, आणि हात लावला तर भाजतो. भूकंप नाही म्हणून त्सुनामी नाही, हे त्या गोळ्याला हात लावण्यासारखं झालं.

आज उपग्रहांच्या मदतीने भूपट्टांची गती आपण थेट मोजतो. जावाखाली समुद्रतळ वर्षाला साधारण 6 ते 7 सेंटीमीटर जातो आहे. वेगेनरने अनुमान केलेलं आता जवळजवळ प्रत्यक्ष झालं. हे व्याख्यान चालू असतानाही तो थोडा सरकला. तो थांबणार नाही, आणि कमानीवर राहणारी माणसंही तिथून उठून जाणार नाहीत. तिथली जमीन सुपीक आहे, भात चांगला पिकतो, तेही त्याच राखेमुळे. तेव्हा एवढंच आपल्या हातात उरतं, की मोजलेलं वेळेवर सांगितलं जावं, आणि सांगितलेलं पुढच्या पिढीला आठवावं.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि कोकणातल्या श्रोत्यांना एक काम: 1945 च्या लाटेची आठवण घरात कुणी सांगत असे का, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, आणि सापडली तर लिहून ठेवा.